म्हातारं माणूस जेवून उठलं की पडतं, संडासात पडतं : वारंवारच्या भोवळीचं मूळ पोटात कसं शोधायचं

समस्या अशी. घरातलं सत्तरीपुढचं माणूस महिन्या-दीड महिन्यातून एकदा भोवळ येऊन पडतं. मिनिटभरात डोळे उघडतं, "काही नाही झालं" म्हणतं. दवाखान्यात नेईस्तोवर बीपी बरोबर, साखर बरोबर, कार्डिओग्राम बरोबर. डोक्याचा सीटी स्कॅन काढला तर तोही बरोबर. "वय झालं, काळजी घ्या" ऐकून आपण घरी येतो, आणि माणूस पुन्हा पडतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं हे माझं रोजचं काम, आणि पडणारं माणूस माझ्याच घरात होतं. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, वय ७४. चार वेळा पडले तेव्हा कुठे मला दिसायला लागलं.

पहिल्यांदा पडले ते शेजारच्या गावी तेरवीच्या पंगतीत. एप्रिल महिना, कापडी मांडव. भात, वरण, वांग्या-बटाट्याची भाजी, पुरी, वर बुंदी. पाऊणएक तास मांडी घालून बसले, जेवले, पत्रावळ उचलली, हात धुवायला ड्रमापाशी गेले. आधी गडवा पडला, मग ते. लोकांनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, एकानं कांदा फोडून नाकाशी धरला, दुसरा जोडा हुंगवा म्हणत होता. निदान जागेवरच झालं : ऊन लागलं. ४४ अंशांत कोण नाही म्हणेल?

दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, चांगल्या थंडीत, सकाळी अकराच्या सुमारास, अंगणात बाजेवर बसल्या बसल्या. इथं ऊन नव्हतं. तिसऱ्यांदा पहाटे साडेचारला संडासात. त्या वेळी हातापायांनी दोन-चार झटके मारताना माझ्या नवऱ्यानं पाहिलं, ते त्यांनी दवाखान्यात सांगितलं, आणि फिटची गोळी सुरू झाली. ती खाऊन मामाजी दिवसभर पेंगायचे, चालताना झोकांड्या जायच्या. महिन्याभरात चौथ्यांदा पडले. पुन्हा जेवणानंतरच.

झटक्यांबद्दल इथंच सांगून टाकते. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की साध्या भोवळीतही हातपाय थोडे झटकतात. मिरगीत झटके सहसा जास्त वेळ चालतात, बऱ्याचदा जिभेची कड चावली जाते, आणि शुद्ध आल्यावरही माणूस बराच वेळ भांबावलेलं राहतं. भोवळीतून उठलेलं माणूस लगेच नाव-गाव सांगतं, वर "काहून गर्दी केली" असंही विचारतं. पण फिटची चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली तर खरीच फिट येऊ शकते. डॉक्टरांना हे वर्णन सांगा आणि गोळीचं पुन्हा विचारा.

आता वही. मुलाची जुनी शाळेची वही घेतली आणि चारही पडण्यांसमोर एकच गोष्ट लिहिली : पडायच्या आधीच्या दोन तासांत पोटात काय चाललं होतं? शेवटचं जेवण किती वाजता, काय, किती. संडास कधी, कशी. कोणती गोळी पोटात गेली होती. लिहून झालं तर तीन वेळा जेवून तास व्हायच्या आत, आणि एकदा जोर लावताना. हृदय तपासून झालं होतं, डोकं तपासून झालं होतं. पोटाला कोणी विचारलंच नव्हतं.

न विचारण्याचं कारणही लिहिते, कारण अर्धी अडचण तिथंच आहे. गावातल्या पन्नास म्हाताऱ्यांना मी "संडास साफ होते काय, रंग कसा" हे बिनदिक्कत विचारते. घरात मामाजींना विचारायची वेळ आली तर तोंडून शब्द फुटेना. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मले चाळीस वर्सात नाही सांगलं त्यायनं, तुले काय सांगतीन?" शेवटी नातवाला लावलं. त्याच्या आबाजींनी, म्हणजे मामाजींनी, त्याला बाजेवर शेजारी बसवून सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून कब्ज आहे, चार-चार दिवस होत नाही, जोर लावला की डोळ्यांपुढं काजवे येतात. मग दवाखान्यात का नाही सांगितलं? "लोकायले काय सांगू, बुढा हगाले बसला अन् पडला म्हून?"

पडल्या पडल्या

उचलून बसवू नका. आपल्याकडे पहिलं हेच करतात आणि हेच चुकतं. रक्त डोक्याला पोचत नाही म्हणून माणूस पडलं. पडल्यावर ते आडवं झालं, म्हणजे शरीरानं स्वतःच उपाय केला. आपण त्याला खुर्चीत उभं-बसतं करून तो उपाय मोडतो. तिथंच उताणं राहू द्या, पाय उशीवर किंवा कोणाच्या मांडीवर उंच ठेवा, धोतराची गाठ सैल करा. उलटी होत असेल किंवा श्वास घुरघुरत असेल तर कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोट नाही, चमचा नाही, कांदा नाही. एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत असेल तर त्याला ओरडू नका, डॉक्टरांना तो फार कामाचा असतो. श्वासच चालत नसेल तर ही भोवळ नव्हे. छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

जेवणानंतर अर्ध्या ते दोन तासांत पडत असेल तर

जेवलं की आतड्यांकडे रक्त वळतं. ओलितात एका सरीला पाणी जास्त सोडलं की शेवटच्या सरीला पोचत नाही, तसंच. तरुण शरीरात मोटर जोर वाढवते, म्हणजे हृदय थोडं जलद चालतं आणि बाकीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बीपी टिकतं. म्हातारपणी, विशेषतः जुनी साखर, जुनं बीपी किंवा कंपवात असेल तर, ही यंत्रणा ढिली पडते. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं, किंवा आधी १०० च्या वर असलेलं ९० च्या खाली गेलं, तर जेवणानंतर बीपी पडतं असं धरतात. हा काही क्वचितचा रोग नाही. तो सापडत नाही एवढंच, कारण दवाखान्यात आपण रिकाम्या पोटी नाहीतर चार तासांनी पोचतो.

म्हणून तपासणी घरीच करायची. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन पुरतं, नसेल तर आशाताईला किंवा उपकेंद्रावर विचारा. जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसवून एक माप. मग नेहमीचंच जेवण, नेहमी जितकं जेवतात तितकंच. पाहुण्यासारखं कमी जेवले तर तपासणी फुकट. मग अर्ध्या तासानं, तासानं, दीड तासानं, दोन तासांनी, बसूनच, त्याच हाताला. दुसऱ्या एका दिवशी, जेवणाशी संबंध न ठेवता, पाच मिनिटं झोपवून माप घ्या आणि उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी घ्या. उभं राहिल्यावर वरचं २० किंवा खालचं १० उतरत असेल तर तो वेगळा प्रकार. बरेच म्हातारे दोन्ही बाळगून असतात. ही मापं घेताना कोणीतरी जवळ उभं असू द्या.

मामाजींची वही अशी होती. सकाळी दहाला जेवणाआधी १३८. भात, वरण, दोन भाकरी. साडेदहाला ११८. अकराला १०२, आणि तोंड पांढरं. साडेअकराला १०८. बाराला १२६. म्हणजे साडेबाराला कुठल्याही डॉक्टरनं मोजलं असतं तर "उत्तम" म्हणून पाठ थोपटली असती. दोन दिवसांनी भात बंद, दीड भाकर, मुगाची डाळ, पालेभाजी, ताक. तेव्हा उतार १८ चा. एकाच माणसाचे दोन दिवस म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण मोठं, गरम, भात-साखरेचं जेवण बीपी जास्त पाडतं हे माहीत असलेलं आहे. आमच्या वहीत ते तसंच उतरलं. तेरवीच्या पंगतीत हे सगळं एकत्र होतं : वाफाळता भात, वर गोड, आग्रह, उकाडा, पाऊण तास मांडी, आणि मग झटकन उठणं.

दुसरी गोष्ट वहीतच दिसली. बीपीची गोळी "जेवणासोबत" म्हणून दहाला, आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध. गोळीचा उतार आणि जेवणाचा उतार एकावर एक. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी लघवीचं औषध काढलं आणि दुसऱ्या गोळीची वेळ बदलली. हे त्यांनी केलं, मी नाही. बीपीची गोळी भोवळ येते म्हणून परभारे बंद करून लकवा ओढवून घेतलेली माणसंही मी याच नोकरीत पाहिली आहेत.

बाकी उपाय साधे. दोन मोठी जेवणं मोडून चार-पाच लहान करायची. भात कमी, डाळ-उसळ जास्त, गोड असेल तर थोडं आणि शेवटी नको, वेगळ्या वेळी. जेवणाच्या थोडं आधी एक-दोन ग्लास पाणी, साधारण ३०० ते ५०० मिली. पाण्यानं बीपी टिकायला मदत होते. हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हे करायचं नाही. आग ओकणारं गरम वाढू नका. जेवणासोबत दारू नको, मोहाची असो की दुकानातली. आणि शतपावली. पिढ्यानपिढ्याची चांगली सवय आहे, मान्य. पण जो माणूस पडतो त्यानं पहिला तास एकट्यानं चालायचं नाही. बाजेवर टेकून बसावं, झोप आली तर आडवं व्हावं. विहिरीवर जाणं, बैलाला पाणी दाखवणं, सायकल, हे सगळं तासाभरानंतर.

पोटाचं किंवा जठराचं ऑपरेशन झालेलं असेल तर जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि घेरी येऊ शकते, कारण अन्न एकदम आतड्यात उतरतं. काही जणांना तेच एक ते तीन तासांनी, साखर उतरल्यामुळे. ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी डॉक्टरांना सांगा.

संडासात, पहाटे

जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. जोर सोडला की बीपी हेलकावतं, आणि आतड्याकडून जाणारी नस हृदयाचा वेग खाली ओढते. त्यात पहाटे अंथरुणातून उठून आलेलं शरीर, उकिडवं बसणं, आणि मग एकदम उभं राहणं. प्रोस्टेटची गोळी रात्री घेत असतील, नावात टॅमसुलोसिन किंवा प्राझोसिनसारखं काही असेल, तर ती रक्तवाहिन्याही सैल करते. मामाजींचं तिसरं पडणं नेमकं हेच होतं. एकाच माणसाला दोन वेगळ्या कारणांनी भोवळ येऊ शकते हे ध्यानात ठेवा, नाहीतर एक सापडलं की शोध थांबतो.

कब्जावर घरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत, त्यात दोनच गोष्टी सांगते. इसबगोल घेतला तर भरपूर पाण्यासोबत. अर्ध्या पेल्यात घोटून घेतला तर तो आतच गोळा होऊन बसतो. आणि कोणत्या गोळीनं कब्ज वाढला ते पाहा : लोहाची, कॅल्शियमची, दुखण्यावरची ट्रामाडोल.

तिसरी एक, जी मला नोकरीतही उशिरा कळली. अंथरुणाला खिळलेल्या किंवा कमी हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला आठ दिवस कब्ज, आणि मग पातळ पातळ होऊन कपडे खराब व्हायला लागतात. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. खरं म्हणजे खाली वाळलेल्या मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपतं. बंद करायची गोळी म्हणजे धरणाचा उरलेला दरवाजाही लावणं. पोट फुगलेलं, भूक मेलेली, माणूस बरळतं, बसवलं की घेरी, अशा वेळी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या. घरी साबणपाण्याचा एनिमा देऊ नका. एनिमा देतानाच भोवळ आलेली माणसं असतात.

संडासात हातानं धरायला एक पक्का लोखंडी पाइप भिंतीत बसवा. कडी आतून लावायची नाही. कमोडची खुर्ची मिळाली तर उत्तम. "मी काय लुळा झालो काय" असं ऐकावं लागेल, ऐकून घ्या.

संडास काळी असेल तर पुढचं वाचत बसू नका

आमच्या वस्तीतल्या एका आजी. गुडघे दुखतात म्हणून बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या तीन रंगांच्या गोळ्या खायच्या. दोनदा भोवळ आली. पोट दुखत नव्हतं, उलटी नव्हती. मी गेले तेव्हा झोपलेल्या होत्या, नाडी ११२, बीपी १००. उठवून बसवलं तर ७८, आणि डोळे फिरले. सुनेला विचारलं तर तिला काही माहीत नव्हतं, लाजेचा तोच पडदा. आजींनाच कानाशी विचारलं. "कायी होते. डांबरावानी. खर्ऱ्यानं होत असन." खर्ऱ्यानं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं, दात काळे होतात, संडास नाही.

वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्त गळलं की ते पचून काळं, चिकट, डांबरासारखं बाहेर पडतं आणि त्याला एक वेगळीच उग्र घाण येते. एकदा नाकात बसली की विसरत नाही. लोहाच्या गोळीनंही काळपट-हिरवट होते, पण ती चिकट नसते आणि तसा वास नसतो. दुखण्याच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जठराला जखम करतात. त्यांच्यासोबत स्टेरॉइड असेल, किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हाताऱ्यांना त्या जखमेचं दुखणं बऱ्याचदा जाणवतच नाही. पहिली खूण भोवळच असते.

आणि एक फसवी गोष्ट. त्या दिवशी आजींचं हिमोग्लोबिन महिन्यापूर्वीइतकंच आलं. ताजं रक्त गेलं की उरलेलं रक्त तेवढंच घट्ट असतं. पातळ व्हायला काही तास लागतात, तेव्हा आकडा पडतो. म्हणून "हिमोग्लोबिन तर ठीक आहे" यावर थांबायचं नाही. नाडी आणि बसल्यावरचं बीपी पाहायचं. तेही, हृदयाची अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही, हे लक्षात ठेवून. १०८ बोलावली, जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण घातली, जठरात जखम निघाली, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. आजी आता गुडघ्याला शेक घेतात आणि मला शिव्या देतात.

हळूहळू गळणारं रक्तही असतं. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना हूकवर्म होतो, मूळव्याध वर्षानुवर्षं लपवली जाते, आतड्यातली गाठ असते. अंग पांढरं पडतं, दम लागतो, आणि कोणत्याही छोट्या कारणानं भोवळ यायला जागा तयार होते. जंताची गोळी आणि लोहाची गोळी देऊन मोकळं होऊ नका. साठीनंतर रक्त का कमी झालं हे शोधायलाच हवं.

त्यातलंच एक कारण ऐकायला गोष्टीसारखं वाटतं. १९५८ साली एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं लिहिलं की हृदयाची मोठी झडप अरुंद झालेल्या म्हाताऱ्यांच्या पोटातून रक्त जातं आणि कारण सापडत नाही. पुढे उलगडलं : अरुंद झडपेतून रक्त जोरानं घुसताना रक्त गोठवायला लागणारं एक प्रथिन तुटतं, आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या गळत राहतात. झडप बदलली की बहुतेकांचं पोटातलं गळणं थांबतं. आपल्याला एवढंच करायचं : रक्त कमी, भोवळ, आणि चढावर छाती भरते, हे तिन्ही एकाच माणसात असेल तर स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज ऐकायला आणि सोनोग्राफीसारखी हृदयाची इको करायला सांगायचं.

क्वचित, पण घडणारं

घास गिळतानाच भोवळ. थंड सोडा गटागटा प्यायला, किंवा कोरड्या भाकरीचा मोठा घास अडकला, आणि माणूस ताटावरच कलंडलं. अन्ननलिकेतून नस चाळवली जाते आणि हृदयाचे ठोके काही क्षण थांबतात. साध्या कार्डिओग्रामात हे दिसत नाही. होल्टर नावाचं यंत्र २४ तास छातीला लावून, ते लावलेलं असताना जेवायला बसवावं लागतं. अन्ननलिकेचा दोष निघाला तर त्यावर इलाज, नाहीतर कधी पेसमेकर. तोवर लहान घास, कोमट पाणी, थंड सोडा बंद.

जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला असतो, म्हणजे हर्निया. फार मोठा असेल तर भरपेट जेवणानंतर तो मागून हृदयाला दाबतो, आणि दम व घेरी येते. वाकलं की छातीत आंबट येणं, जेवल्यावरच दम लागणं ही त्याची पुसटशी खूण.

उपवास. साखरेची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड गोळी घेतली आणि एकादशी धरली, तर दुपारी घाम, थरथर आणि भोवळ. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या, पण त्यानंतर जेवू घालून काही तास लक्ष ठेवा, या गोळ्या लवकर उतरत नाहीत. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८.

हगवण-उलटी. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, ती मागत नाहीत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही. बीपीची व लघवीची गोळी त्या दिवसांत घ्यायची की नाही हे फोन करून विचारा.

गॅसची गोळी. मळमळ, ढेकर यासाठी डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल आपल्याकडे वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी घेतली जाते. तिच्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते, साठीपुढे आणि जास्त डोसमध्ये विशेष. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ती १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि शक्यतो आठवड्यापुरतीच ठेवायला सांगितलं. जुलाबानं पोटॅशियम उतरलेलं असताना तर ती आणखीच नको. नुसती आम्ल कमी करणारी गोळी आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ फार कमी झालं तर उभं राहताच बीपी पडू शकतं. पायांना मुंग्या आणि भोवळ सोबत असेल तर ही एक साधी रक्ततपासणी मागून घ्या.

पोट वाटतं, पण पोट नसतं

"गॅस छातीत चढला" म्हणत घामानं भिजून पडलेला म्हातारा हा पहिल्यांदा हार्ट अटॅक, मग गॅस. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक पोटाच्या वर दुखतो, उलटी होते, ठोके मंदावतात. ओवा-सोडा देण्यात जाणारा अर्धा तास महागात पडतो. तसंच, तंबाखू-बिडीची सवय असलेल्या म्हाताऱ्याला पोटात किंवा पाठीत अचानक जीवघेणी कळ येऊन भोवळ आली तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटलेली असू शकते.

म्हणून हे दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा : छातीत दुखणं किंवा दम, काळी किंवा लाल संडास, रक्ताची उलटी, एकाएकी पोट-पाठ दुखणं, चालताना किंवा काम करताना आलेली भोवळ, झोपलेल्या अवस्थेत आलेली भोवळ, डोक्याला मार (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोटासाही), बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं. भोवळ पहिलीच असेल तरी एकदा कार्डिओग्राम हवाच. पोटाचा शोध त्यानंतर.

मामाजींची फिटची गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं कमी करत बंद केली. गेल्या अकरा महिन्यांत ते एकदाही पडले नाहीत. घेरी दोनदा आली, दोन्ही वेळा पोळ्याच्या आसपास, पुरणपोळ्या हाणल्यावर, आणि दोन्ही वेळा ते आपणहून बाजेवर आडवे झाले. पंगतीला जातात, पण खुर्चीवर बसतात, आधी पाणी पितात आणि सगळे हात धुवायला उठतात तेव्हा बसून राहतात. वहीचा रकाना अजून चालू आहे. मी अजूनही विचारत नाही. सकाळी संडासातून बाहेर पडले की ते अंगणातूनच नातवाला हाक मारतात, चार घरं ऐकतील अशा आवाजात : "सांग रे तुया मायले, आज पिवयी हाये. लिवून घे म्हणा."